सातपैकी पाच यंत्रं मुकी

९ जानेवारी २०२५, तुळजापूर

नवी वही. जुनीत पाच पानं उरली होती, ती अम्मीनं बांगड्यांची मापं लिहायला घेतली.

आज ज्ञानेश्वरीताईंचा फोन तीनदा आला. वर्ग चालू होता. तिसऱ्या वेळी मुलींना टायपिंगला लावून बाहेर आले.

"तहरीम, तुझी बोलकी मेली गं."

"काय झालं?"

"सकाळधरनं तोंड उघडंना. इंग्रजी आली की फाडफाड. मराठी आली की गप. नव्या नवरीवानी."

बोलकी ही माझी लायब्ररी. दुसऱ्या प्रोग्रामांनी वापरावा असा कोडचा संच. मराठी मजकूर आत घेते, आवाज बाहेर देते. मराठीत एम. ए. झालेली मुलगी कोड लिहिते म्हणून लोक हसले होते. ताई हसल्या नाहीत. त्यांना जन्मापासून दिसत नाही. सहा वर्षांपूर्वी मुरूमहून एसटीनं त्या आमच्या संगणक वर्गात आल्या आणि विचारलं, इथं मराठी बोलणारा संगणक हाय का. नव्हता. म्हणून लिहिली.

ताई एका सरकारी कार्यालयात आवक पाहतात. कार्यालयाचं नाव वहीतही लिहू नको म्हणाल्यात. आलेला अर्ज स्कॅन होऊन संगणकात येतो, बोलकी तो कानात वाचते, ताई नोंदवतात, योग्य टेबलाला धाडतात. काल संध्याकाळी तिथले जुने संगणक काढून हातावर मावतील अशा डब्या बसवल्या. वीज कमी लागते म्हणे.

उद्या बघते म्हणाले.

१० जानेवारी

बघितलं. काही नाही.

आमच्या वितरणाचं पान उघडलं. वितरण म्हणजे ही फुकट, खुली ऑपरेटिंग सिस्टिम. जगभरची माणसं फावल्या वेळात बांधतात, मी त्यातली एक. बोलकीचं पॅकेज, म्हणजे यंत्रावर बसवायला तयार गठ्ठा, मीच बांधून देते. सात आर्किटेक्चर, म्हणजे सात घडणीची यंत्रं. सातांपुढे सात हिरव्या खुणा.

ताईंना सांगितलं, माझ्याकडून सगळं ठीक आहे, तुमची डबी खराब आहे.

"शेजारच्या टेबलाची बी लावून बघितली. ती बी गप."

"मग सगळा लॉटच खराब असेल."

"असं म्हन्तीस?"

"असंच आहे."

ठामपणे सांगितलं. मला ठाम बोललेलं आवडतं.

१४ जानेवारी

शाकंभरी नवरात्र काल संपलं, आज संक्रांत. चार दिवस दुकानातून उठता आलं नाही. अब्बा फडताळावरून डबे काढतात, अम्मी बांगड्या भरते, मी फुटक्या काचा गोळा करते. कोडची एक ओळ पाहिली नाही.

१७ जानेवारी

आज एक गोष्ट सापडली. लिहायला नको वाटतंय.

त्या सात हिरव्या खुणा पॅकेज बांधलं गेलं एवढंच सांगतात. बांधलेलं बोलतं का, हे चाचण्या सांगतात. त्या पाच यंत्रांवर बंद आहेत. बंद करणारीचं नाव माझं. तीन वर्षांपूर्वीची नोंद: "या यंत्रांवर चाचण्या भरवशाच्या नाहीत." तेव्हा भराभर नापास होत होत्या आणि मला नवी आवृत्ती सोडायची होती. माझ्या लॅपटॉपवर पास होत्या. ती पाच यंत्रं माझ्याकडे नव्हती, माझ्या ओळखीत कुणाकडे नव्हती.

रात्रीचं जेवताना अम्मीनं विचारलं, एकच माल सात वेळा का बांधते.

मी सांगितलं, "यंत्रांच्या आतली भाषा वेगवेगळी असते. मी लिहिते एकदाच. मग प्रत्येक यंत्रासाठी त्याचं वेगळं रूप काढावं लागतं. त्यालाच कंपाइल म्हणतात."

"आणि रूप काढल्यावर घालून बघतेस का?"

"दोन यंत्रांवर बघते."

अम्मीनं अब्बांकडं पाहिलं. अब्बांनी डाळ वाढून घेतली. 

चाचण्या पुन्हा चालू करून टाकल्यात. उद्यापर्यंत निकाल येईल.

२० जानेवारी

पाच लाल.

दोनशे बारा चाचण्यांपैकी प्रत्येक लाल यंत्रावर एकशे चाळीस नापास. पाचही यंत्रांवर तेवढ्याच. ताईंची डबी त्या पाचांतली.

संध्याकाळी वितरणाच्या टपालयादीवर, म्हणजे आमच्या सामायिक ईमेलवर, सिद्धलिंगचं पत्र आलं. त्या पाच आर्किटेक्चरची जबाबदारी वितरणात त्याच्याकडे आहे. नावावरून आमच्याच बाजूचा वाटतो, पण लिहितो इंग्रजीत आणि तारेसारखं. "बोलकी पाच यंत्रांवर मुकी आहे. त्या पाचांसाठी वगळत आहे. मुकं पॅकेज देण्यापेक्षा न दिलेलं बरं. नव्या आवृत्तीतल्या पॅकेजांची यादी २५ फेब्रुवारीला बंद होते. वापरणारे किती? नावं द्या."

म्हणजे २५ तारखेनंतर दोन वर्षं त्या डब्यांसाठी मराठी आवाज मिळणारच नाही.

मी लाल-हिरव्या खुणांच्या पानाचं चित्र जोडून उत्तर दिलं. लिहिलं, माझी दोन यंत्रं पास आहेत, तुमची पाच तपासा.

अर्ध्या तासात उत्तर. "चित्र पाठवू नका. मजकूर पाठवा."

शिष्टाचार हा शब्द या माणसाला कुणी शिकवला नाही.

२१ जानेवारी

लांब पत्र लिहिलं. भाषेला हजेरीपट लागत नाही, असं लिहिलं. मराठी किती जण बोलतात हे जनगणनेत बघा, असं लिहिलं. शेवटी कोडबद्दल लिहिलं. पूर्वी समोरचं अक्षर मराठी आहे की इंग्रजी हे ठरवायला आठ ओळी लागायच्या आणि जुन्या संगणकांवर आवाज अडखळायचा. मी ते एका ओळीत आणलं: इंग्रजी अक्षराचा आकडा शून्याच्या वर असतो, मराठीचा शून्याच्या खाली. आकडा शून्याखाली दिसला की मराठी. संपलं. या लायब्ररीतली सगळ्यात चांगली ओळ तीच आहे आणि ती माझी आहे.

सिद्धलिंगचं उत्तर दोन वाक्यांचं. "नापास चाचण्यांत एक तरी इंग्रजी आहे का? आकडा शून्याखाली कुठल्या यंत्रावर?"

टोमणा मारतोय. उत्तर दिलं नाही.

२७ जानेवारी

ताईंचा फोन. कार्यालयाच्या अधीक्षकांनी, राजशेखर साहेबांनी, आज बोलावून घेतलं.

"म्हन्ले, बाई, तुमच्या सोयीचंच बघतोय. टेलिफोनच्या बोर्डावर बसा. मी म्हन्लं, साहेब, बोर्ड दोन वर्सं बंद हाय. म्हन्ले, म्हणून तर तुम्हाला त्रास न्हाय."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार. कागद सरकवला म्होरं. संमतिपत्र. मी स्वखुशीनं बोर्डावर जाती, अशी सही करायची. मी म्हन्लं, साहेब, काय लिवलंय ते माझं मला वाचू द्या, मग सही. शिपाई म्हन्ला मी वाचून दाखवतो. मी म्हन्लं तू बस गप."

"मग?"

"अठ्ठावीस फेब्रुवारीपतुर मुदत दिलीय. तंवर न्हाय वाचलं तर सहीबिगर बदली करनार हायेत. तवर तुझ्या बाईला उठव."

पाच वर्षं त्या आवकच्या टेबलावर आहेत. कुठला अर्ज कुठल्या टेबलावर अडकतो हे त्यांना पाठ आहे. बंद बोर्डासमोर त्या काय करतील? हात मांडीवर ठेवून बसतील. आणि पगार मिळतोय ना, असं सगळे म्हणतील.

त्यांच्या टेबलावर आलेले अर्ज तसेच पडलेत. दुसरा कुणी हात लावत नाही.

आमच्या संगणक वर्गाच्या सरांनी एक सूचना केली: हिंदी आवाज लावा, तोही वाचेल की. ताईंना सांगितली. त्या म्हणाल्या, "हिंदीतला बी गपच हाय, बघितलं मी. आन् बोलला असता तरी लावला नसता."

हे वाक्य मी ऐकलं आणि दुसरा अर्धाच भाग मनात धरला. छान वाटला. आता लिहिताना पहिला अर्धा दिसतोय. हिंदी आवाज बोलकीचा नाही, पण माझी ती वेगवान ओळ तो बनवणाऱ्यांनीही उचलली होती. तरी तोही गप? म्हणजे डब्यांतच काहीतरी आहे. मी म्हणतच होते.

३ फेब्रुवारी

सात रात्री घालवल्या. कंपायलरवर संशय घेतला. आवाजाच्या फायलींवर घेतला. या पाच यंत्रांची नक्कल माझ्या लॅपटॉपवर चालवली, ती एवढी हळू की एक चाचणी संपेपर्यंत चहा होतो. काही हाती लागलं नाही.

सिद्धलिंगनं पुन्हा विचारलं: "अक्षराचा आकडा त्या यंत्रावर छापून बघितला का? आणि नावं?"

मी लिहिलं, तुम्हाला मराठी नकोच आहे असं सरळ सांगा. त्याचं उत्तर: "मला मुकं पॅकेज नको आहे."

ताईंना फोनवर हे सगळं ऐकवलं. "चित्रं पाठवू नका म्हणतो. लाल-हिरवं पान कधी उघडत नाही, निकाल मजकुरातच मागतो. पानभर मजकूर पाठवला की दोन मिनिटांत त्यातली चूक दाखवतो."

ताई हसायला लागल्या. "त्याला तांबडं-हिरवं कशाला दावतीस गं?"

"म्हणजे?"

"कुठला आवाज लावतो इचार त्याला."

"तो आवाजाच्या विरोधात आहे ताई. त्याचा कसला आवाज?"

"लई शिकलीस तू," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

७ फेब्रुवारी

मी सहज म्हणाले होते, खरी डबी हातात असती तर. आज संध्याकाळी ताईंचा निरोप: उद्या शनिवार, सुट्टी. डबी घेऊन येते.

"ताई, ती सरकारी आहे."

"मी बी सरकारीच हाय. सोमवारी दोघी जागेवर असू."

८ फेब्रुवारी

ताई साडेदहाच्या गाडीनं आल्या. पिशवीत भाकरी, शेंगाची चटणी आणि फडक्यात बांधलेली डबी.

दुकानाच्या मागच्या खोलीत जोडली. डबीतलं कार्यालयाचं मेमरी कार्ड काढून बाजूला कागदात ठेवलं आणि माझं कार्ड घालून चालू केली, म्हणजे त्यांच्या कशालाच हात लागला नाही. ताई कळफलकावर बसल्या. मी कोड उघडून शेजारी.

इंग्रजी वाक्य. बोलली. मराठी वाक्य. गप. इंग्रजी आकडे बोलले. मराठी आकडे गप. हे सगळं मला माहीत होतं. मी तेच तेच बघत राहिले.

मधेच अम्मी आत आली. गिऱ्हाईक कमी होतं. "ज्ञानेश्वरीबाई, हात मोकळे आहेत तुमचे. बसा, भरते." ताई म्हणाल्या, माप दोन-सहा. अम्मीनं मापाकडं लक्ष दिलं नाही. उजवा हात हातात घेतला, अंगठा आत दुमडून दाबून बघितला. मग डावा घेतला.

"उजव्याला दोन-सहा. डाव्याला दोन-चारच लागतील."

"आजपतुर दोन्हीत दोन-सहाच घातल्यात की."

"म्हणून डाव्यातल्या गळून पडत असतील."

"व्हय. मला वाटायचं माझ्या हातात टिकतच न्हायीत."

"हात बघितल्याशिवाय माप सांगायचं नाही, बाई. अर्ध्या बायका एका हाताचंच माप सांगतात."

मला या गप्पांचा वैताग आला होता. कामाची वेळ जात होती. मी पुन्हा कंपायलरच्या नोंदी वाचत बसले.

हिरव्या बांगड्या भरून झाल्यावर ताई परत कळफलकावर आल्या. बराच वेळ काहीतरी एकेक दाबत होत्या. मग म्हणाल्या, "रुपयाचं चिन्ह बी गप हाय."

"कुठलं?"

"ते रुपयाचं, आडव्या रेघांचं. ते काय मराठी न्हाय. जुन्या संगणकावर म्हनायची, रुपये. आन् तापमानाचा तो वरचा बारका गोळा असतो, तो बी गप. तहरीम, मराठीवर राग न्हाय त्याचा. साध्या इंग्रजीभायेर जे जे हाय ते समदंच त्याला दिसंना."

मी म्हणाले, हां. नोंद करून घेतली. तेव्हा कळलं नाही.

पाच वाजता त्या गाडीला बसल्या. डबी पिशवीत. अम्मीनं बांगड्यांचे पैसे घेतले नाहीत.

९ फेब्रुवारी

कळलं.

सिद्धलिंग दोन वेळा सांगत होता, आकडा छापून बघा. सकाळी नक्कल केलेल्या यंत्रावर छापला. मराठी 'क' चा पहिला बाइट, म्हणजे अक्षर ज्या आकड्यांत साठवतात त्यातला पहिला. माझ्या लॅपटॉपवर: उणे बत्तीस. त्या यंत्रावर: दोनशे चोवीस.

आतले बिट तेच. माझं यंत्र उणे एकशे अठ्ठावीसपासून मोजतं. ती पाच यंत्रं शून्यापासून वर मोजतात. तिथं शून्याखाली काहीच नसतं. माझी ओळ शून्याखाली मराठी शोधते, काही सापडत नाही, मग सगळं इंग्रजी समजते, आणि इंग्रजीच्या तक्त्यात ते अक्षर नाही म्हणून गुपचूप टाकून देते. रुपयाचं चिन्हही. हिंदीही. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही चूक जन्मात दिसली नसती. आमच्याच अक्षरांवर उमटते, आणि केली मी.

C भाषेच्या पहिल्या पुस्तकात लिहिलेलं असतं की हे यंत्रावर अवलंबून आहे. मी वाचलेलं आहे. माझं यंत्र म्हणजेच यंत्र, असं धरून चालले.

पाच यंत्रं बरोबर होती.

१० फेब्रुवारी

काही नाही.

११ फेब्रुवारी

काही नाही असं काल लिहिलं ते खोटं. काल दिवसभर एकच विचार करत होते.

एक सोपा उपाय आहे. कंपाइल करताना एक शब्द द्यायचा, की अक्षरांचे आकडे माझ्या यंत्रासारखेच मोज. पाचही यंत्रं ऐकतात. ओळीला हात लावायचा नाही. चाचण्या पास. चूक होती हे कुणाला कळायचं कारण नाही. पॅकेजच्या नोंदीत एवढंच लिहायचं: "बांधणीत सुधारणा." काल रात्री तसं बांधूनही ठेवलं. हिरवं आलं. फक्त पाठवायचं बाकी होतं.

ज्यांनी माझी ओळ उचलली आहे, त्या हिंदीवाल्यांचं काय, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि म्हणाले, त्यांचं ते बघतील.

मग दुपारी ताईंचा फोन आला.

"कागद तयार केलाय मी. वरच्या कार्यालयाला धाडनार. नव्या डब्यांचा लॉट सदोष हाय, ज्यानं पुरवल्या त्याची चौकशी करा. शेजारच्या पोराकडनं लिवून घेतला. उद्या टपालात टाकती."

"ताई, थांबा."

"का? तूच म्हन्लीस की, लॉट खराब. ठाम म्हन्लीस. राजशेखर साहेबाला बी सांगितलंय मी समद्या हापिसासमोर. हसत होते. हसू दे. कागद गेला की कळंल."

तो कागद गेला असता. वरून कुणी तज्ज्ञ आला असता. त्यानं डब्या तपासून चांगल्या आहेत असं लिहिलं असतं. आणि खाली ज्ञानेश्वरीताईंची सही.

मी म्हणाले, "डब्या चांगल्या आहेत. मी खराब आहे." मग सगळं सांगितलं. ओळ सांगितली, बंद केलेल्या चाचण्या सांगितल्या. परवाच कळलं होतं तेही सांगितलं.

 मागं कार्यालयाचा आवाज येत होता, खुर्च्या, कुणीतरी शिक्का मारत होतं.

"महिना घातलास गं माझा."

"हो."

"रोज हसत होते मला."

"हो."

"आता ह्या कागदाचं काय करू? डब्यांचं नाव खोडून कुणाचं घालू?"

"माझं घाला."

"तुझं कशाला. तुझ्या बापाला वाचून दाखवतील बाजारात." मग म्हणाल्या, "फाडती. तू नीट कर. कायबाय घालून झाकू नको. पुन्हा मुकी झाली तर मी कुणाला इचारू?"

झाकायच्या उपायाबद्दल मी काही बोलले नव्हते. कसं कळलं माहीत नाही.

१२ फेब्रुवारी

तयार पॅकेज पुसून टाकलं. ओळ बदलली. आता ती शून्याखाली बघत नाही, एकशे सत्तावीसच्या वर बघते, आणि त्याआधी सगळ्या यंत्रांना एकाच पद्धतीनं मोजायला लावते. तीन शब्द वाढले. वेगात काही फरक नाही. म्हणजे ती चूक वेगासाठीही लागत नव्हती.

टपालयादीवर पाठवलेलं पत्र इथं उतरवते, म्हणजे नंतर मी वेगळं काही आठवणार नाही:

"दोष यंत्रांत नाही, कंपायलरमध्ये नाही. दोष माझ्या ओळीत आहे. ओळ मी २०२२ मध्ये लिहिली आणि चाचण्या नापास झाल्यावर पाच यंत्रांवरच्या चाचण्या मीच बंद केल्या. ज्यांनी ही ओळ उचलली त्यांनी बदलावी. हिंदी आवाजाला बदल आजच पाठवला आहे. चूक माझी आहे, तिची शिक्षा माझी भाषा वाचणाऱ्यांना देऊ नये. वगळणूक काढा. २५ तारखेच्या आत काढा. मी रोज विचारणार आहे."

शेवटची चार वाक्यं अब्बांना वाचून दाखवली. म्हणाले, "माफी मागतीस का दम देतीस?"

"दोन्ही."

"मग धाड."

१३ फेब्रुवारी

विचारलं. उत्तर नाही.

१४ फेब्रुवारी

विचारलं. उत्तर: "सात यंत्रांवर पूर्ण चाचण्या लावल्या आहेत. थांबा. वापरणाऱ्यांची नावं अजून आलेली नाहीत. वितरणाच्या मंडळापुढे रिकाम्या हातानं जाता येत नाही."

मंडळापुढे तो कशाला जातोय? वगळणारा तोच. पण नावं द्यायला मी महिनाभर नकार दिला आणि त्यानं महिनाभर मागितली, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं.

मला नाव एकच माहीत. ताईंना फोन केला.

"आमच्या न दिसनाऱ्यांच्या गटात त्रेचाळीस हायेत," त्या म्हणाल्या. "नांदेडचा एक मास्तर, सोलापूरची बँकेतली, दोन वकील. समदे तुझी बोलकी लावतात. तुला कुनी सांगितलं न्हाय?"

कुणी सांगितलं नाही. मी कधी विचारलं नव्हतं.

"त्या सिद्धलिंगाचा नंबर दे. मीच बोलती."

१६ फेब्रुवारी

ताई सिद्धलिंगशी चाळीस मिनिटं बोलल्या. कानडीत. मुरूमला लहानपणापासून कानात आहे. काय झालं विचारलं तर आधी हसणंच संपेना. आवाजाचा वेग किती ठेवायचा यावर म्हणे दोघं भांडले. ताई साधारण ठेवतात, तो तिप्पट ठेवतो. "रेल्वेवानी पळवतो गं कानात. मी म्हन्लं, कान हाय का गिरनी?"

"त्याला कशाला लागतो आवाज?"

"असंल हौस," ताई म्हणाल्या. "मानूस लई चांगला हाय. चाचन्या बंद केलेल्या त्याला चालत न्हायीत. मला बी चालत न्हायीत."

"आणि वगळणूक?"

"नावं घेतली त्यानं. त्रेचाळीस. एकेक लिवून घेतलं, परत वाचून दाखवलं."

एकेक नाव कशाला वाचून दाखवायचं, मजकूर पाठवता आला असता. विचित्र माणूस आहे. पण आज त्याच्यावर राग आला नाही.

अम्मीनं जेवताना विचारलं, "अब किससे लडरी तू?"

आत्ता कुणाशीच नाही, म्हणाले.

२१ फेब्रुवारी

सात हिरवे. चाचण्यांसकट. दोनशे बारापैकी दोनशे बारा, सातही यंत्रांवर.

सिद्धलिंग: "वगळणूक काढली. पॅकेज यादीत गेलं. चाचण्या पुन्हा बंद केल्यात तर मीच तुम्हाला वगळीन."

मी निकाल मजकुरात पाठवला आणि आभार मानले. त्यानं उत्तर दिलं नाही. बरं झालं.

२६ फेब्रुवारी

यादी काल बंद झाली. बोलकी आत आहे. पण डबीत अजून नाही. कार्यालयाची यंत्रं सांभाळणारा ईरण्णा परवानगी असल्याशिवाय काही बसवत नाही. परवानगी राजशेखर साहेबांची लागते. साहेबांनी ताईंना कालच सांगितलं, "आता दोन दिवसांसाठी कशाला?"

ताईंनी ईरण्णाला विचारलं, बंद झालेल्या यादीतली साधी सुधारणा बसवायला परवानगी लागते का. तो म्हणाला, यादीतलं सगळं दर गुरुवारी आपोआप बसतं.

उद्या गुरुवार.

२८ फेब्रुवारी

ताईंनी बोलावलं म्हणून गेले. अभ्यागतांच्या बाकावर बसले. शेजारी अर्जदार होते, सहा-सात जण.

अकरा वाजता राजशेखर साहेब ताईंच्या टेबलाशी आले. साठीला टेकलेले, आवाज मऊ. हातात पेन.

"बाई, मुदत आज संपते."

"व्हय साहेब. कागद इथंच हाय. सकाळीच संगणकात घेतलाय. वाचू का?"

त्यांना वाटलं त्या चेष्टा करतायत. ताईंनी कानातलं यंत्र उपसून टेबलावर ठेवलं आणि कळ दाबली. माझ्या बोलकीचा आवाज मी एवढ्या मोठ्या खोलीत कधी ऐकला नव्हता. जरा कोरडा आहे. 'स्वखुशीने' वर नको तिथं थांबते.  आवाजानं संमतिपत्र शेवटपर्यंत वाचलं, खालच्या तारखेसकट.

"वाचलं," ताई म्हणाल्या. "माझी खुशी न्हाय. सही न्हाय."

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. डबीकडं बघितलं, मग खोलीकडं. बारीक अक्षरात लिहिलेल्या कागदावर सही घेणं वेगळं आणि चाळीस माणसांनी ऐकलेल्या कागदावर घेणं वेगळं, हे त्यांना समजत होतं. म्हणाले, "ठीक आहे. मग बसा इथंच. पण ते कानात घालून ऐका. बाकीच्यांना काम करायचं असतं."

"कानात होती तवा बंद पडली, तर सात आठवडे कुनाचं काय अडलं न्हाय साहेब. आता मोठ्यानंच वाचनार."

"बाई, हे कार्यालय आहे."

"व्हय. आवक हाय ही."

आणि त्यांनी साचलेल्यातला पहिला अर्ज उघडला. आठ जानेवारीचा. बोलकी वाचू लागली: अर्जदाराचं नाव, तामलवाडी, तालुका तुळजापूर. विषय, तिसऱ्यांदा अर्ज करत असल्याबाबत. पहिला अर्ज कुठल्या टेबलावर दिला, दुसरा कुठल्या, त्या टेबलावर काय उत्तर मिळालं. त्या टेबलावरच्या माणसानं मान खाली घातली. माझ्या शेजारचा म्हातारा उठून उभा राहिला. "माजा न्हाय," म्हणाला, "पर माजा बी असाच हाय."

"बसा बाबा," ताई म्हणाल्या, "तुमचा बी येतोय. नाव सांगा."

साहेब त्यांच्या खोलीत गेले. दार लावलं. दार पातळ आहे.

साचलेले अर्ज चारशे सत्तर. पाच वाजेपर्यंत एकसष्ट झाले. एकही कानात वाचला नाही.